वालुकाश्मातल्या कणांवरून उगम शोधताय? या चुका टाळा

वालुकाश्मातली वाळू कुठल्या डोंगरातून आली, याचा माग त्यातल्या जड खनिजांवरून (क्वार्ट्झसारख्या नेहमीच्या कणांपेक्षा जास्त घनतेच्या खनिजांवरून) काढता येतो. पण सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडमध्ये एखादं खनिज दिसलं नाही की ‘उगमाच्या खडकात ते नव्हतंच’ असं लिहून मोकळे होणारे दरवर्षी भेटतात. आधी आपल्याच प्रयोगशाळेवर संशय घ्या.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिडवरून. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतला वालुकाश्म बऱ्याचदा कॅल्साइटने (चुन्याच्या खनिजाने) घट्ट बांधलेला असतो. एका विद्यार्थ्याने तो सरळ या ॲसिडमध्ये उकळला. कण झटक्यात सुटे, ‘सर, वेळ वाचला!’ म्हणत गडी खूश. मसुद्यात ‘उगमक्षेत्रात ॲपेटाइटचा अभाव’ (ॲपेटाइट म्हणजे एक फॉस्फेट खनिज) यावर चांगली दोन पानं. त्याच दगडाचा उरलेला तुकडा मी सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये ठेवायला लावला. खूप दिवस गेले, कुरकुर झाली, पण स्लाइडवर ॲपेटाइट हजर: रंगहीन, टोकं झिजून गोल झालेले ठेंगणे कण, क्रॉस्ड निकॉल्समध्ये (सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात लावून) करडे. पहिल्या वेळचे ॲसिडनेच खाल्ले होते. दोन पानं रद्द.

प्रयोगशाळा निर्दोष सुटली तरी जमीन उरतेच. वाळू खोल गाडली गेली की थरांतलं पाणी आधी पायरॉक्सीन आणि हॉर्नब्लेंड विरघळवतं, मग एपिडोट, पुढे कायनाइट, स्टॉरोलाइट. फार खोलवर गार्नेटही जातं. झिरकॉन, रुटाइल, टुरमलीन टिकतात. त्यामुळे शिवालिकच्या जुन्या थरांत हॉर्नब्लेंड नाही एवढ्यावरून हिमालयातला अमुक खडक तेव्हा उघडा पडलाच नव्हता, असं ठोकून देऊ नका. कणांच्या कडा बघा. करवतीसारखे दाते पडले असतील तर कण विरघळत होते. मी नुसत्या टक्केवारीवर विसंबत नाही. प्रवाहात साधारण सारखी वागणारी आणि गाडल्यावरही टिकणारी जोडी घेतो: ॲपेटाइट-टुरमलीन किंवा रुटाइल-झिरकॉन.

सगळ्या नमुन्यांना एकच चाळणी लावा. मी ६३ ते १२५ मायक्रॉन घेतो.

जड खनिजं हलक्या कणांपासून वेगळी करायचा जड द्रव, म्हणजे सोडियम पॉलिटंगस्टेट, त्यात नळाचं पाणी घालू नका. पाण्यातल्या कॅल्शियमने साका धरतो. द्रव महाग आहे.

झिरकॉनची वयं काढली की झालं, ही अलीकडची घाई. बेसाल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ नसतोच, म्हणून दख्खनच्या पठारावरची वाळू वयांच्या आलेखात उमटतच नाही. तिच्यासाठी ऑजाइट (एक पायरॉक्सीन) आणि मॅग्नेटाइट बघावं लागतं. आणि मॅग्नेटाइट चुंबकाने काढून फेकण्याआधी निदान त्याचं वजन तरी लिहून ठेवा.