गुडघ्याखालची ती उशी आधी काढा

गुडघ्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन करून पेशंट कोल्हापूरहून किंवा गोव्याहून घरी आला की मी आधी फाईल उघडत नाही. गुडघ्याखाली उशी आहे का ते बघते. बहुतेक घरांत असतेच, आणि मायेने ठेवलेली असते.

सूज आलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की आत जागा जास्त मिळते, दुखणं कमी होतं. पण तसाच राहिला तर मागची बाजू आखडते. वेंगुर्ल्याकडच्या एक काकी पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर घसरल्या. नडगीचं हाड वर सांध्यातच मोडलं, प्लेट बसली. ‘उशी काढली की दुखता गो’ म्हणाल्या, म्हणून सुनेने उशी ठेवली ती ठेवलीच. माझ्याकडे आल्या तेव्हा पाय छान वाकत होता, घरचे खूश. उताणं झोपवलं तर गुडघ्याखालून माझा हात आरपार गेला. वाकतो किती ते सगळे बघत होते, सरळ होतो का ते कोणीच बघितलं नव्हतं. असा पाय चालताना लंगडतो आणि मांडी लवकर दमते. सर्जनचं काम चोख होतं, तरी पुढचे कित्येक महिने आम्ही दोघी झगडलो आणि थोडी कसर राहिलीच.

माझी पद्धत साधी: पंचाची गुंडाळी टाचेखाली, गुडघा मोकळा, मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा. दिवसातून चार-पाच वेळा. कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

दुसरी चूक घाईची. ‘आत लोखंड आहे ना, मग टेकला पाय तर काय होतं?’ होतं असं की सांध्याचा दबलेला पृष्ठभाग सर्जनने उचलून, खाली हाडाचा भराव घालून धरलेला असतो. हाड जुळायच्या आत वजन पडलं की तो पुन्हा खचतो. नडगीच्या वरच्या टोकाच्या या फ्रॅक्चरला साधारण ६ ते १२ आठवडे पाय टेकायचा नसतो. नेमकं किती ते एक्स-रे बघून सर्जन ठरवतात, चतुर्थीची तारीख बघून नव्हे. शेजारच्याची गुडघ्याची वाटी फुटली होती आणि तो पट्टा बांधून लगेच चालला, हे मला सांगू नका. वाटीचं गणित वेगळं.

पोटरी तेलाने रगडू नका, रक्ताची गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाते. मशेरी, तंबाखू, विडी बंद. हाड जुळायला उशीर होतो.

मांडी घालून बसणं? आधी गुडघा ९० अंश वाकू दे, मग बोलू. काहींना जमतं, काहींना कधीच नाही. सांधा झिजेल ही भीती खरी, पण कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातल्या मोठ्या पाहणीत या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर १० वर्षांत सांधा बदलावा लागलेले ७ टक्क्यांच्या आसपासच निघाले.

आणि पहिल्या दिवसांत पोटरी दगडासारखी टणक झाली, बोटं हलवताच जीव जायची पाळी आली, गोळीने उतार पडेना, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढा.