कोल्हापूरच्या हवेत शिट्झू कसा सांभाळायचा

कुत्रं पाळायचं कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. मळ्यावर, वस्तीवर कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अडचण एवढीच की कारवानीच्या अनुभवावर शिट्झू सांभाळता येत नाही. कारवानी म्हणजे आखूड केस, लांब नाक आणि माळावरच्या उन्हाची सवय. पावसात भिजून आला, अंग झाडलं, वळचणीला बसला की थोड्या वेळात वाळला. शिट्झू मूळचा तिबेटकडचा आणि चीनच्या राजवाड्यात वाढलेला. चपटं नाक, टपोरे डोळे, जेमतेम चार ते सात किलो वजन आणि अंगावर केसांचे दोन थर: वरचा लांब, आतला मऊ दाट. तो आतला थर एकदा भिजला की आपल्याकडच्या झडीच्या दिवसांत आपसूक वाळतच नाही. वरून हात फिरवला तर कुत्रं कोरडं लागतं आणि खाली कातडी ओलीच असते. खाज, कुबट वास, लाल चट्टे, कानातून घाण येणं हे सगळं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा केसांना दिली आहे. पॉमेरेनियन किंवा ल्हासा असं दुसरं केसाळ कुत्रं असेल तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

पिल्लू आणताना

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. कायद्यानंही ते विकता येत नाही, आणि आईजवळून लवकर तोडलेलं पिल्लू पुढं चावरं आणि भित्रं निघायची शक्यता जास्त असते. पिल्लाची आई बघायला मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पैसे देऊ नका. ‘टीकप’ किंवा ‘मिनी’ म्हणून जास्त पैशाला विकतात ती निराळी जात नसते. ती बऱ्याचदा अशक्त किंवा वयानं लहान पिल्लं असतात.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस चार महिने पुरे होईपर्यंत, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि नंतर डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साखरेचा फारसा साठा नसतो, म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या. पिल्लू अचानक गळून पडलं, थरथरायला लागलं तर हिरडीला थोडा मध चोळून लगेच दवाखाना गाठा.

केस: रोजची दहा मिनिटं

दोन वस्तू लागतात. एक बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि दुसरी स्टीलची फणी, जिचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. बरेच लोक नुसता ब्रश पाठीवरून फिरवतात. वरून केस मोकळे, चकचकीत दिसतात आणि खाली गुंता तसाच राहतो. त्यापेक्षा असं करा. कुत्र्याला मांडीवर किंवा टेबलावर रबरी चटईवर आडवं घ्या. पायापासून सुरुवात करा. डाव्या हातानं केस वर दाबून धरा आणि खालची एक पातळ ओळ सोडा, म्हणजे भांग पडल्यासारखी गुलाबी कातडी दिसली पाहिजे. ती ओळ आधी टोकाकडून, मग मधून, मग मुळापासून विंचरा. झाली की वरची पुढची ओळ सोडा. शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत अडखळल्याशिवाय गेली तरच ती जागा झाली म्हणायची.

गुंता होतो त्या जागा ठरलेल्या असतात: कानामागं, काखेत, जांघेत, हार्नेसचा पट्टा घासतो तिथं आणि पायाच्या बोटांमध्ये. घाईच्या दिवशी बाकीचं राहिलं तरी एवढ्या जागा बघाच. गुंता सापडला तर कात्री लावू नका. गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते आणि केसांबरोबर ती कापली जाते. दवाखान्यात टाके घालायला येणाऱ्या केसाळ कुत्र्यांची ही नेहमीची गोष्ट आहे. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर गुंत्यात चोळा, बोटांनी हळूहळू फोडा, मुळाशी केस घट्ट धरून ठेवा म्हणजे कातडीला ओढ बसणार नाही, आणि मग टोकाकडून विंचरा.

आंघोळ दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरते. आंघोळीआधी पूर्ण विंचरायचं, हा नियम मोडू नका. गुंत्यावर पाणी पडलं की तो नमद्यासारखा आवळतो आणि मग मशीन लावण्यावाचून इलाज राहत नाही. आपला शाम्पू किंवा साबण नको, कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही.

मृग निघायच्या आत एकदा ग्रूमरकडून केस इंचभर ठेवून कापून घ्या. पावसाळाभर लांब केसांचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोपेक्षा कातडी महत्त्वाची. पण शून्य मशीनही मारू नका. कातडी उघडी पडते, उन्हात भाजते आणि डास सरळ चावतात.

पावसातून आल्यावर

तरणा-म्हातारा पाऊस सुरू झाला की शहरात दिवस-दिवस ऊन दिसत नाही आणि घरातले कपडेसुद्धा दोन दिवस वाळत नाहीत. कुत्र्याला फिरवायला तर न्यावंच लागतं. रेनकोटनं पाठ वाचते, पोट आणि पाय वाचत नाहीत. शिट्झू जमिनीला इतका टेकून चालतो की डबक्यातलं पाणी सगळं पोटाला लागतं.

घरी आल्यावर आधी पाय आणि पोट कोमट साध्या पाण्यानं धुवा, कारण साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हा आजार माणसालाही होतो, त्यामुळं लहान मुलं कुत्र्याला कवटाळतात त्या घरात हे धुणं टाळू नका आणि लेप्टोची लस दरवर्षी द्या. धुतल्यावर टॉवेलनं घासायचं नाही, दाबून दाबून पाणी टिपायचं. घासलं की गुंता होतो. मग ड्रायर मंद गतीवर, कमी गरम ठेवून लावा. आपला दुसरा हात कायम ड्रायरसमोर ठेवा. आपल्या हाताला चटका बसतो तिथं त्याला दुप्पट बसतो. एका हातानं हवा, दुसऱ्या हातानं ब्रश, पोटापासून वर. वाळलं का हे बघायला काखेतले केस बाजूला करून बोटाचं टोक कातडीवर टेकवा. गार लागलं तर अजून ओल आहे. शेवटी बोटांमधल्या फटी आणि कानाची आतली बाजू कापसानं टिपून घ्या. पंखा लावून कुत्र्याला खाली बसवणं म्हणजे वाळवणं नव्हे.

एवढं करूनही आंबूस वास येत असेल किंवा कुत्रं सारखं पंजे चाटत असेल तर बुरशी धरलेली असू शकते. डॉक्टर बुरशीचा शाम्पू देतील. तो लावून साधारण दहा मिनिटं अंगावर तसाच राहू द्यायचा आणि मग धुवायचा. लावला की लगेच धुतला तर उपयोग होत नाही.

ताटातलं काय द्यायचं

कोल्हापुरात कुत्र्याचा आहार बिघडतो तो प्रेमानं. रविवारी मटण असतं, कुत्रं खुर्चीखाली येऊन बसतं आणि आज्जी हळूच भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाली धरते. “पांढरा रस्सा हाय, तिखट न्हाई, चालतंय की.” तिखटाचा प्रश्नच नाही. तांबडा असो नाहीतर पांढरा, दोन्हीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवून त्याचा दोष जात नाही. पाच किलोच्या कुत्र्याला एखादा मध्यम कांदाही विषारी ठरू शकतो. लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते, आणि तोवर रविवारचं जेवण कुणाच्या लक्षातही नसतं. आज्जीला रागावू नका. तिला कांदा घालण्याआधी बाजूला काढलेल्या, बिनमसाल्याच्या उकडलेल्या मटणाचे चार बारीक तुकडे वाटीत द्या आणि ते तिच्या हातूनच भरवू द्या. शिजलेली नळी आणि हाडं मात्र नकोत, ती चावताना टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात.

दुसरा धोका तासगावच्या बाजूनं येतो. द्राक्षं आणि बेदाणे आपल्या घरात कायम असतात, आणि त्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नसतो, म्हणून एकही द्यायचा नाही. शिऱ्यातला, खिरीतला बेदाणाही त्यातच आला. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम हेही विषच. ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन कधीही देऊ नका.

पाच किलोच्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी पुरतात. एक अख्खी ज्वारीची भाकरी दोनशेच्या आसपास जाते, त्यावरून घरातल्या चार जणांनी दिलेले तुकडे आणि बिस्किटं मिळून किती होतात याचा अंदाज बांधा. दिवसाचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढून ठेवा आणि ज्याला द्यायचंय त्यानं त्यातलंच द्यावं. डबा संपला की खाणं संपलं. घरचं द्यायचं तर भात, उकडलेलं चिकन, अंडं, लाल भोपळा, गाजर चालतं, पण नुसत्या घरच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडतं, त्यामुळं डॉक्टरांकडून आहार ठरवून घ्या. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कितीही चांगलं असलं तरी मोठ्या कुत्र्याला ते बऱ्याचदा पचत नाही आणि पातळ संडास होते. दूध-भातावर वाढवलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं, पण हाडं कच्ची राहतात. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटाला लागल्या पाहिजेत.

गोचीड

पावसाळ्यात आणि नंतरही केसांत गोचीड शोधायला रोज विंचरण्याशिवाय चांगला उपाय नाही. कानाच्या पाळीत, मानेखाली आणि बोटांमध्ये बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडेपेटी, तेल यातलं काही नको. गोचीड-तापात कुत्रं खाणं सोडतं, अंग तापतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासून वेळेत औषध सुरू झालं तर बहुतेक कुत्री वाचतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ज्यांच्या घरी म्हशी आहेत तिथं गोठ्यात गोचिडाचं औषध ठेवलेलं असतं. ते पाण्यात घालून कुत्र्याच्या अंगावर मारायचा मोह होतो. ते औषध जनावराच्या आकारमानासाठी असतं. पाच किलोचा जीव अंग चाटतो, ते पोटात जातं आणि झटके येतात. वजनाप्रमाणे मिळणारी चघळायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून घ्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहा.

ऊन

चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग गार करणं नीट जमत नाही. मार्च ते मे फिरणं सकाळी सातच्या आत किंवा अंधार पडल्यावर. रंकाळ्यावर न्यायचं तरी कठड्याची फरशी तळहाताच्या मागच्या बाजूनं तपासा. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर पंजेही पोळतील. बंद गाडीत दोन मिनिटांसाठीही ठेवू नका. जीभ गडद लाल झाली, लाळ दाट झाली, पाय लडबडले तर साधं नळाचं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि गार करत करतच डॉक्टरकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर उष्णता आत कोंडते. फिरवताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा, म्हणजे श्वासनलिकेवर दाब येत नाही.

डोळे, दात, नखं

डोळ्यांखालची ओल रोज कोमट पाण्याच्या कापसानं पुसा. शिट्झूचा डोळा बाहेर असल्यामुळं केसानं, फांदीनं किंवा मांजराच्या नखानं लगेच जखम होते. डोळा मिटून धरला तर संध्याकाळची वाट बघू नका आणि घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते. दात कुत्र्याच्या पेस्टनं रोज घासा, कारण छोट्या जबड्यात दाटीनं उगवलेले दात लवकर किडतात आणि हलतात. नखं महिन्याला एकदा, टोकापुरतीच.

डॉल्बी आणि फटाके

गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी आपल्याला छातीत जाणवतो, कुत्र्याचे कान तर आपल्याहून तीक्ष्ण. मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल तर त्या रात्रीसाठी नातेवाइकाकडं सोय करा. ते जमणार नसेल तर रस्त्यापासून लांबची खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, सुरू पंखा आणि जवळ घरातलं कुणीतरी. घाबरून फारच थरथरत असेल तर आधीच्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलून औषध ठरवा, ऐनवेळी देऊ नका. दार उघडं राहून पळालेली कुत्री दिवाळीत फार असतात. गळ्यात फोन नंबरची पट्टी हवीच.

महापुराची तयारी

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात हे वेगळं सांगायला नको, तरी कुत्र्याची पिशवी बहुतेक घरांत भरलेली नसते. सुतार मळा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा सखल भाग अशा ठिकाणी राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की पिशवी दाराशी आणा. ४३ फूट ही धोका पातळी आहे, तिची वाट बघू नका, कारण नावेतून निघताना कुत्र्याला जागा मिळेलच असं नाही. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लसीचं पुस्तक, कुत्र्याबरोबर काढलेला तुमचा एक फोटो, आठवड्याचं कोरडं खाणं, चालू औषधं, हार्नेस आणि दोरी, दोन टॉवेल आणि फणी ठेवा. नातेवाइकांकडं जायचं तर त्यांना आजच विचारून ठेवा की कुत्र्यासह आलो तर चालेल का, आणि नाही म्हणाले तर दुसरं घर पावसाआधीच शोधा.