चित्रं पलंगाखालून निघाली एकदाची
नागपुरात बर्डीवरून फ्रेम करून आणलेली फुटाळा तलावाची ८ वॉटरकलर २ वर्षं पलंगाखाली पडून होती, कारण एका गॅलरीनं नाही म्हटलं अन् मग फॉर्म भरायला हातच धजेना. इलाज साधाच निघाला बाप्पा, महिन्यात ५ नकार जमवायचे, कॅलेंडरवर फुल्या मारायच्या. तिसऱ्या फुलीनंतर पोटात गोळा येणं बंद. १८६३ मध्ये पॅरिसच्या ज्युरीनं मानेचं (आपल्याकडचे माने नाही, फ्रेंच चित्रकार) चित्रही नाकारलंच होतं ना, नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवावं लागलं.

मधे धरमपेठेतल्या एका कॅफेत ३ टांगली, किमतीची चिठ्ठी चिकटवताना बोटं घामेजलेली. एक काकू म्हणे, "पाणी हिरवं काऊन केलं?"

"काकू, फुटाळ्याचं हिरवंच असते."

चौथा अर्ज पास झाला, पाच फुल्यांचं राहूनच गेलं.