आपलं मेथडिस्ट चर्च नेमकं कुठे कुठे जोडलेलंय हे कसं शोधायचं

जय ख्रिस्त मंडळी! पास्टोरेट कमिटीवर (म्हणजे आपल्या चर्चच्या स्थानिक कमिटीवर) नवीनच निवडून आलो होतो तेव्हाची गोष्ट, पास्टरांच्या बदलीची चर्चा चाललेली आणि मी एकदम जोरात म्हणालो की पगार आपण देतो ना, मग पास्टर कोण ते आपणच ठरवणार, बाहेरच्यांचा काय संबंध. शेजारी बसलेले एक आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "बाहेरचे कोण रे? तू स्वतः कुठल्या चर्चचा सभासद आहेस ते तरी माहितीये का?" मला वाटलं चेष्टा करतायत, पण खरंच मला सांगता येईना. मी आमच्या मंडळीचं नाव सांगितलं, तर ते हसले फक्त. मग मी एकेक करून शोधत गेलो, ज्या क्रमाने शोधलं त्याच क्रमाने लिहितोय, तुम्ही तुमच्या चर्चला लावून बघा.

सगळ्यात आधी बाहेरचा बोर्ड वाचा, आणि नीट वाचा. "मेथडिस्ट" एवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी "मेथडिस्ट चर्च इन इंडिया" म्हणजे एमसीआय असेल. याची सुरुवात 1856 ला अमेरिकेतून आलेल्या विल्यम बटलर यांनी बरेलीला केली, आणि 7 जानेवारी 1981 पासून हे चर्च स्वायत्त आहे, म्हणजे कारभार आपला इथला. पण यवतमाळकडचे नातेवाईक असतील तर त्यांचं चर्च फ्री मेथडिस्ट असू शकतं, ते वेगळं चर्च, त्यांची कॉन्फरन्स (कारभार ठरवणारी सभा) वेगळी, बिशप वेगळे. आणि तिसरा घोळ म्हणजे ब्रिटिश मेथडिस्ट मिशनची जुनी चर्चेस, ती दक्षिणेत 1947 ला सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) गेली आणि उत्तरेकडची 1970 ला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). सीएनआयची स्थापना आपल्या नागपुरातच झाली, 29 नोव्हेंबर 1970. अमेरिकन मुळाचे मेथडिस्ट पण त्यात जाणार होते, वर्षानुवर्षं बोलणी झालेली, आणि अगदी शेवटी नाही गेले. म्हणून आज एकाच गावात सीएनआय आणि मेथडिस्ट अशी दोन चर्चेस दिसतात आणि लग्न जमवताना घरातली मोठी माणसं "ते आपल्यातलेच की नाही" यावर अर्धा तास घालवतात. पुढचं सगळं मी एमसीआयबद्दल लिहितोय.

आता पास्टर. माझी चूक इथेच होती. पास्टरांना विचारा की तुमचं सभासदत्व कुठे आहे. आपल्याला वाटतं आपल्याच रजिस्टरमध्ये असेल, पण तसं नसतं, ते रिजनल कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या विभागातल्या सगळ्या मंडळ्यांच्या वरच्या सभेचे, सभासद असतात. म्हणजे आपण त्यांना नोकरीला ठेवलेलं नाही, कॉन्फरन्सने त्यांना आपल्याकडे पाठवलंय. नेमणूक बिशप करतात आणि डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, ज्यांना सगळे डीएसच म्हणतात, ते प्रत्येक मंडळीची परिस्थिती बिशपांपुढे मांडतात. बॅप्टिस्ट मंडळी स्वतः पास्टर बोलावते, आपल्यात तसं नाही. याचा त्रासही होतो, खोटं कशाला बोलू, चांगला जम बसलेला पास्टर उचलून दुसरीकडे पाठवला की सगळी मंडळी नाराज होते, संडे स्कूलची पोरं रडतात. पण उलट बाजू पण बघा, तीस घरांच्या खेड्यातल्या मंडळीला स्वतःच्या जोरावर पास्टर कुठून मिळाला असता? नेमणुकांच्या ज्या यादीत शहरातल्या मोठ्या चर्चचं नाव असतं त्याच यादीत त्या तीस घरांचंही असतं. मला स्वतःला हा सौदा पटतो, पटत नाही असेही लोक आहेत आमच्यात. तर बदलीबद्दल काही म्हणणं असेल तर फॅमिली ग्रुपवर लिहून उपयोग शून्य, वेळेत डीएसना भेटा. रिजनल कॉन्फरन्समध्ये नेमणुका वाचून झाल्यावर मग धावाधाव करून काही हातात राहत नाही.

मग मीटिंगांची शिडी समजून घ्या, फार अवघड नाहीये. खाली आपली पास्टोरेट कॉन्फरन्स, वर डिस्ट्रिक्ट, त्याच्यावर वर्षातून एकदा भरणारी रिजनल कॉन्फरन्स, आणि सगळ्यात वर दर चार वर्षांनी जनरल कॉन्फरन्स, तिथे बिशप निवडले जातात. देशभरात अशा 12 रिजनल कॉन्फरन्स आहेत आणि त्या 6 एपिस्कोपल एरियांमध्ये, म्हणजे बिशपांच्या विभागांमध्ये, वाटलेल्या आहेत. महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा मंडळ्या बॉम्बे रिजनल कॉन्फरन्समध्ये येतात, शहराचं नाव मुंबई झालं तरी कॉन्फरन्स अजून बॉम्बेच! यात आपल्यासारख्या साध्या माणसाने लक्षात ठेवायची जागा म्हणजे पास्टोरेट कॉन्फरन्स, कारण तिथे अध्यक्ष आपले पास्टर नसतात, डीएस असतात. म्हणजे वरचं चर्च आपल्या हॉलमध्ये येऊन खुर्चीवर बसलेलं असतं आणि आपण मात्र त्या दिवशी चहा समोशाची सोय बघत फिरतो. तसं करू नका. मुद्दा आधी लेखी द्या, आणि मिनिट्समध्ये लिहिला गेला का ते वाचून घ्या. आणि रिजनल कॉन्फरन्सला आपल्याकडून ले डेलिगेट (पास्टर नसलेला, मंडळीतला प्रतिनिधी) कोण जातं हे पण विचारा, ते आल्यावर एका रविवारी भक्तीनंतर त्यांना पाच मिनिटं उभं करून तिथे काय काय ठरलं ते सांगायला लावा. आमच्याकडे कित्येक वर्षं डेलिगेट जायचे यायचे आणि मंडळीला पत्ताच नसायचा.

पैशाचं बघायचं तर खजिनदारांकडून वर्षाचा हिशोब मागा आणि त्यात मंडळीच्या बाहेर जाणारा वाटा शोधा. इथे लोक चिडतात, आपलं अर्पण वर कशाला. पण मेथडिस्ट जोडणीची सुरुवातच पैशातून झालीये. 1742 ला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर न्यू रूम नावाच्या इमारतीचं कर्ज होतं, तर एकाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, बारा बारा जणांचा गट करायचा आणि एकाने घरोघरी जाऊन गोळा करायची, जो देऊ शकत नाही त्याची पेनी गोळा करणाऱ्याने भरायची. आता दर आठवड्याला दारात जाणारा माणूस, त्याला दिसणारच ना कोण आजारी, कुणाच्या घरात दारूवरून भांडण. त्यातूनच क्लास मीटिंग, म्हणजे अशा छोट्या गटाची बैठक, उभी राहिली आणि वसुलीला गेलेला माणूस क्लास लीडर झाला. दोन वर्षांनी, 1744 ला लंडनमध्ये दहा जण बसले, ती पहिली कॉन्फरन्स. गावोगावचे असे गट एकमेकांना आणि त्या कॉन्फरन्सला जोडलेले, याला ते कनेक्शन म्हणायचे (आपल्याला कनेक्शन म्हटलं की गॅसचं आठवतं, पण कल्पना तीच, सिलेंडर आपल्या घरात आणि नंबर एजन्सीकडे).

आणि "आपण पगार देतो" वाल्यांसाठी, म्हणजे जुन्या माझ्यासाठी, मुंबईचंच उदाहरण आहे. विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक 1871 च्या शेवटी मुंबईत आले, पुढच्या वर्षी इथे मेथडिस्ट मंडळी उभी राहिली, आणि टेलरांचा हट्ट असा की परदेशी मिशनच्या पैशावर चर्च चालवायचं नाही, इथल्या लोकांनीच खर्च उचलायचा. मुंबईत आधीपासून राहणारे जॉर्ज बोवेन, ज्यांनी मिशनचा पगार सोडून दिला होता, तेही यात आले, कुलाब्याकडचं बोवेन मेमोरियल त्यांच्याच नावाचं. म्हणजे ही मंडळी पूर्ण स्वतःच्या पायावर उभी होती आणि तरी मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्येच (त्या वेळचं अमेरिकन मेथडिस्ट चर्च) राहिली, आमचे पैसे म्हणून आम्ही वेगळे असं नाही झालं.

जागेचा विषय नाजूक आहे, पण टाळू नका. आपल्या चर्चची जमीन कुणाच्या नावावर आहे ते प्रॉपर्टी कार्डवर किंवा सातबाऱ्यावर बघा, दोन्ही आता ऑनलाइन मिळतात. तिथे मंडळीच्या पंचांची नावं नसून चर्चच्या ट्रस्टचं नाव असेल तर दचकू नका, तसंच अपेक्षित आहे. वेस्लीने 1763 लाच नमुना दस्त ठरवून दिला होता, कारण इमारत स्थानिक ट्रस्टींच्या हातात राहिली आणि त्यांचं डोकं फिरलं तर ते पाठवलेल्या उपदेशकालाच कुलूप लावून बाहेर ठेवू शकत होते. याचा अर्थ आपली कमिटी एकटी जागा विकू शकत नाही, बिल्डर कितीही गोड बोलला तरी. पण उलट पण लक्षात ठेवा, ट्रस्टचं नाव आहे म्हणून डोळे मिटून बसायचं नाही, कारण गळती, भिंत, शेजाऱ्याचं अतिक्रमण हे आधी आपल्यालाच दिसतं. कार्डची प्रत काढून चर्चच्या फाईलला लावा आणि काही गडबड वाटली तर पास्टर आणि डीएस दोघांना लेखी कळवा.

राहिलं तुमचं स्वतःचं सभासदत्व. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करून पूर्ण सभासद होणं) झालं तेव्हा नाव एका रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, पण तुम्ही घेतले गेलात ते अख्ख्या चर्चमध्ये. म्हणून नागपूरहून पुण्याला बदली झाली तर नव्याने काही करायचं नसतं, जुन्या पास्टरांकडून सभासदत्वाचं ट्रान्सफर लेटर आणायचं आणि नव्या पास्टरांना द्यायचं, बस. मुलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला पण त्याच फेरीत काढून घ्या, लग्नाच्या वेळी लागतो आणि तेव्हा नेमकं जुनं रजिस्टर कपाटात कुठे आहे ते कुणाला आठवत नाही. मी स्वतः ते लेटर सहा वर्षं आणलं नव्हतं, नवीन चर्चमध्ये गात होतो, अर्पण देत होतो आणि नाव मात्र जुन्या गावी. कमिटीच्या निवडणुकीच्या आधी कुणीतरी ते शोधून काढलं तेव्हा रात्रीच्या एसटीने जाऊन आणावं लागलं.