ऑलिव्हच्या लाकडाचा चमचा पांढुरका पडलाय?

ऑलिव्हच्या लाकडाचा चमचा किंवा कटिंग बोर्ड रोजच्या धुण्याने कोरडा, खरखरीत होतो. मधाळ रंगावरच्या त्या गडद वळणदार रेषा, ज्यासाठी आपण तो हौसेने घेतलेला असतो, त्याच दिसेनाशा होतात. त्या परत आणता येतात.

१. साबण आणि कोमट पाण्याने पटकन धुवा, पुसा आणि रात्रभर उभा ठेवून वाळवा. ओला बोर्ड ओट्यावर आडवा ठेवला तर एकाच बाजूने वाळतो आणि वाकतो.

२. तंतू उभे राहिले असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेनेच, हलक्या हाताने घासा.

३. फूड ग्रेड मिनरल ऑइल (खाण्याच्या वस्तूंना लागलं तरी चालणारं खनिज तेल) फडक्याने चोळा. बोर्डाच्या ज्या कडांवर लाकडाचे तंतू आडवे कापले गेलेत, तिथे जरा सढळ हाताने लावा, लाकूड तिथूनच जास्त पाणी पितं. काही तासांनी उरलेलं पुसून घ्या.

स्वयंपाकाचं तेल मात्र नको, अगदी ऑलिव्ह ऑइलसुद्धा नको. ते खवट होतं. आणि डिशवॉशरमध्ये कधीच टाकू नका, लाकूड तडकतं.

पुन्हा तेल कधी? पाण्याचा थेंब टाकून बघा. मोत्यासारखा टिकला तर ठीक, लगेच जिरला तर लावा.