ॲव्होकॅडोच्या झाडाची तहान मोजायला शिकताना

पाण्याचा ताण बसलेलं ॲव्होकॅडोचं झाड जवळून बघितलंत तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. एकाच फांदीवर एक पान अर्धंअधिक करपलेलं असतं आणि त्याला लागूनच दुसरं हिरवंगार. मुळं तीच, माती तीच, ऊनही जवळपास सारखंच. या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच दाखवते. हे झाड दुष्काळ कसा काढतं, याच्या उत्तराचा मोठा भाग या विषमतेत दडलेला आहे असं मला वाटतं. नवखा विद्यार्थी मात्र दहा पानांची सरासरी काढतो आणि नेमकं तेच पुसून टाकतो.

आधी झाडाचा स्वभाव समजून घ्या. ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. पालापाचोळ्याने झाकलेल्या ओलसर जमिनीत वाढलेलं, त्यामुळे पाणी शोषणारी त्याची बारीक मुळं बहुतेक वरच्या थरातच पसरतात आणि त्यांच्यावर मूलरोमही (पाणी शोषणारे केसासारखे तंतू) फार थोडे असतात. माती वरूनच सुकू लागते, म्हणजे पहिला फटका या मुळांनाच. अशा वेळी झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, मिटून घेतं. ती फक्त पानाच्या खालच्या बाजूला असतात, तेव्हा पोरोमीटर (रंध्रं किती उघडी आहेत ते मोजणारं यंत्र) लावताना पान उलटं धरायला विसरू नका. रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येणं थांबतं आणि अन्न तयार होणंही मंदावतं. मोहोराच्या काळात प्रश्न जास्त बिकट होतो, कारण या झाडाच्या फुलांच्या पाकळ्यांवरही रंध्रं असतात. लाखो फुलं म्हणजे पाणी उडून जायला तेवढाच जादा पृष्ठभाग.

रंध्रं मिटूनही ताण वाढत राहिला तर? पानांतून वाफ होते तसं जलवाहिन्यांतलं पाणी वर ओढलं जातं, हा विचार डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये मांडला. ओढ मर्यादेबाहेर गेली की वाहिनीत हवा शिरते आणि तेवढी वाहिनी बंद पडते. ॲव्होकॅडोत याचा पानांच्या मरणाशी काय संबंध, हे 2020 मध्ये कार्डोसो, बॅट्झ आणि मॅकॲडम यांनी तपासलं. देठातल्या जितक्या जास्त वाहिन्यांत हवा शिरलेली, तितका पानाचा जास्त भाग मेलेला, असं त्यांना दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पानाच्या मध्यशिरेतल्या निम्म्या वाहिन्या बंद पडायला किती ताण लागतो, हा आकडा पानापानांत 1.45 मेगापास्कलपर्यंत (मेगापास्कल हे दाबाचं एकक) बदलत होता. म्हणजे झाडाची सगळी पानं एकदम जात नाहीत. नाजूक आधी जातात, चिवट मागे राहतात आणि झाड पर्णहीन होण्यापासून वाचतं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

आता हाताने करायच्या कामाकडे. हा ताण मोजायचं नेहमीचं साधन म्हणजे प्रेशर चेंबर. शोलँडर आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ते सर्वांपुढे आणलं. पान आत, देठाचं टोक रबरी सीलमधून बाहेर, आणि आत हळूहळू नायट्रोजनचा दाब. नजर भिंगातून कापलेल्या टोकावर. आधी ते कोरडं, निस्तेज दिसतं; मग जलवाहिन्यांच्या जागी ओलसर चकाकी येते. त्या क्षणीचा दाब म्हणजे तुमचा आकडा. कडेने फेस येतो, त्याला पाणी समजू नका. देठ धारदार पात्याने एकाच घावात कापा आणि दाब घाईने वाढवू नका. चेंबर उघडण्यापूर्वी दाब पूर्ण सोडलाय ना, हे दर वेळी बघा. चेहरा थेट देठाच्या वर आणू नका आणि संरक्षक चष्मा घालाच.

मोजमापाच्या दोन वेळा सांभाळा: पहाट आणि दुपार. सूर्योदयापूर्वीचं मोजमाप झाड रात्रभरात मातीतल्या पाण्याशी किती जुळवून घेऊ शकलं ते सांगतं. त्यासाठी अंधारातच उठून कामाला लागावं लागतं, दुसरा इलाज नाही. दुपारी मोजायचं पान आधी काही वेळ प्लास्टिक आणि फॉइलच्या पिशवीत झाकून ठेवा. त्याचं बाष्पोत्सर्जन थांबलं की पानाऐवजी खोडातला ताण कळतो.

प्रत्येक पानाला खूण करा. फांदी, वय, सावलीत की उन्हात, फोटो, सगळं नोंदवा. संख्याशास्त्राचा एक मुद्दा इथे फार छळतो: एका झाडाची वीस पानं म्हणजे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत. प्रयोगातल्या उपचारांची (उदा. कमी पाणी आणि पुरेसं पाणी) तुलना करायची तर झाडं जास्त घ्या. पण प्रत्येक झाडातला पानांचा पसाराही आलेखात दाखवा, एका ठिपक्यावर भागवू नका.

करपलेलं पान दिसलं की दुष्काळच, असं समजू नका. हे झाड क्लोराइडला फार नाजूक आहे. खारं पाणी मिळालं तर पानं टोकाकडून आणि कडांनी जळत जातात, म्हणून पानांतलं क्लोराइड तपासून घ्या. दुसरा चकवा फायटोफ्थोरा सिनॅमोमी या मुळं कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा. ओल्या मातीतही झाड मलूल दिसतं, कारण मुळंच कुजलेली असतात. वरची माती हाताने उकरा. निरोगी बारीक मुळं फिकट आणि ताजी दिसतात, रोगट काळी आणि ठिसूळ. असं झाड सुकलंय समजून कुणी आणखी पाणी घातलं तर ते लवकर मरतं. म्हणून शेतकऱ्याला काहीही सल्ला देण्याआधी ही माती उकरायचीच.

आणि पाणी दिल्यावर मोजणी थांबवू नका. पानातला ताण लवकर उतरतो, पण रंध्रं पूर्ववत उघडायला बरेचदा जास्त वेळ घेतात. मेलेला भाग परत हिरवा होत नाही, वाट बघायची ती नव्या पालवीची. सुरुवातीला खूण केलेल्या पानांपैकी कोणती टिकली, हे त्या पालवीसोबतच नोंदवहीत लिहा.