एडीएचडी : औषधाच्या जोडीला पूरक उपचार कसे सुरू करावेत

एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचे, निदान होऊन मुलाचे औषध सुरू झाले, की महिन्याभरात घरात ब्राह्मीचे सरबत, माशाच्या तेलाच्या गोळ्या, योगाचा वर्ग आणि साखरबंदी असे सारे एकदमच येते. मग मूल स्थिरावले ते कशाने आणि त्याची झोप उडाली ती कशामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून औषधाची मात्रा स्थिर होईपर्यंत थांबावे आणि त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट जोडावी.

जोडण्यापूर्वी दोन आठवडे साधी वही ठेवावी. तीत गृहपाठाला बसल्यावर मूल किती वेळा उठले, किती जेवले, झोप केव्हा लागली याची रोज आणि वजनाची महिन्यातून एकदा नोंद करावी. शिक्षकांचे मतही हवेच, कारण मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या उत्तेजक औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. तो वर्गात दिसतो, आणि आईवडिलांच्या वाट्याला येते ती तो ओसरल्यानंतरची संध्याकाळ. नवे काय सुरू केले हे शिक्षकांना शक्यतो सांगू नये, कारण अपेक्षा असली की सुधारणाही दिसू लागते.

सुरुवात पालक-प्रशिक्षण आणि वर्तनोपचारापासून करावी. खरे तर त्यांना पूरक म्हणणेच चूक आहे, कारण सहा वर्षांखालील मुलांसाठी तोच पहिला उपचार मानला जातो. अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात औषध व वर्तनोपचार एकत्र दिल्याने मुख्य लक्षणांत केवळ औषधापेक्षा फारसा जास्त फरक पडला नाही, मात्र त्या मुलांना औषध कमी मात्रेत पुरले. त्यानंतर रोजचा मैदानी खेळ घ्यावा. माशाच्या तेलातील ओमेगा-3 चा लाभ आढळला तरी तो अल्प असतो, त्यामुळे तीन महिन्यांनी वहीत फरक दिसला नाही, तर तो खर्च थांबवावा. साखर बंद केल्याने चंचलता कमी होते याला आधार नाही. त्यापेक्षा गोळीने भूक मंदावते हे लक्षात घेऊन गोळीआधी भरपेट न्याहारी आणि रात्री सावकाश जेवण देणे अधिक उपयोगी ठरते.

काढे, चूर्णे आणि विशेषतः भस्मे यांबाबत सावध राहावे. बॉस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आणि शिसे तर मुलांच्या एकाग्रतेलाच मारक आहे. ‘नैसर्गिकच आहे’ म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नये. चालू असलेल्या प्रत्येक गोष्टीची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे. उत्तेजक गोळीसोबत कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक देऊ नये, कारण त्याने हृदयाचे ठोके आणखी वाढू शकतात.

पूरक उपचाराने बरे वाटू लागले, तरी गोळी आपल्या मनाने कमी करू नये. एडीएचडीवर दिले जाणारे क्लोनिडिन हे औषध एकाएकी बंद केल्यास रक्तदाब अचानक चढू शकतो. मात्रा कमी करून पाहायची असल्यास ते वही समोर ठेवून डॉक्टरांनी ठरवावे, आणि त्यासाठी परीक्षेचे दिवस सोडून शाळेचेच साधे आठवडे निवडावेत. सुट्टीत वर्गातले वागणे पारखता येत नाही.